पान कोणाचे? वेबपानाच्या मांडणीची तीस वर्षे

छापील पानाचे रूप एकदा ठरले की ठरले. दिवाळी अंकाचा फॉर्मा यंत्रावर चढण्यापूर्वी संपादक, मांडणीकार आणि मुद्रक यांच्यात कितीही वाद झाले तरी ते छपाईच्या आधी मिटलेले असतात. मथळा केवढा घ्यायचा, समास किती सोडायचा, कविता पानाच्या मध्यावर घ्यायची की डावीकडे, हे सारे ठरूनच अंक बाहेर पडतो. मुंबईच्या, चंद्रपूरच्या आणि टपालाने अंक मागवणाऱ्या इंदूरच्या वाचकाला एकच पान दिसते. १९०९मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून छापील अंकाच्या या व्यवहारात मूलभूत बदल झालेला नाही. रूप ठरवण्याचा हक्क अंक काढणाऱ्याचा, ते पाहण्याचा हक्क अंक घेणाऱ्याचा.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जे नवे पान जन्माला आले, त्याला मात्र हा नियम लागू पडेना. वेबपान वाचकाकडे तयार होऊन जात नाही. जातो तो मजकूर आणि त्यासोबत काही सूचना. पान जुळवण्याचे काम वाचकाच्या यंत्रावर, वाचकाच्या पडद्याच्या मापाने, प्रत्येक वेळी नव्याने होते. जणू प्रत्येक वर्गणीदाराच्या घरी एकेक छापखाना बसवला आहे आणि संपादक तिथे फक्त हस्तलिखित आणि चिठ्ठी पाठवतो आहे. मग त्या पानाच्या रूपाचा धनी कोण? लिहिणारा, वाचणारा, की मधले यंत्र बनवणारी कंपनी?

या प्रश्नावर तीस वर्षांहून अधिक काळ वाद चालला आहे. त्या वादातून जो तह झाला, त्याचे नाव ‘कॅस्केडिंग स्टाइल शीट्स’, म्हणजेच सीएसएस. आज वेबपानाची मांडणी शिकणारा विद्यार्थी ही भाषा पहिल्या काही आठवड्यांतच शिकू लागतो. त्याला सांगितले जाते की असे लिहिले की अक्षर लाल होते, तसे लिहिले की रकाना उजवीकडे सरकतो. परंतु या भाषेतल्या जवळजवळ प्रत्येक विचित्र नियमामागे एखादे भांडण, एखादी तडजोड किंवा एखादा पराभव आहे. ते समजून घेतल्याशिवाय भाषा येते, पण ती अशी का आहे हे कळत नाही.

मजकूर वेगळा, रूप वेगळे

टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळच्या ‘सर्न’ या अणुसंशोधन संस्थेत १९८९मध्ये आपला प्रस्ताव मांडला आणि १९९०च्या अखेरीस पहिला ब्राउझर तयार केला. सर्नमध्ये नाना देशांचे शास्त्रज्ञ आणि नाना तऱ्हांची यंत्रे होती. काहींच्या टेबलावर चित्रे दाखवू शकणारे महागडे संगणक होते, तर काहींकडे फक्त अक्षरे उमटवणारे टर्मिनल. एकच कागदपत्र या सगळ्यांना वाचता यायचे असेल, तर त्यात ‘अठरा पॉइंटचा ठळक टाइप’ असे लिहून चालणार नव्हते, कारण निम्म्या यंत्रांना त्याचा अर्थच कळला नसता. म्हणून एचटीएमएल या खुणांच्या भाषेत फक्त एवढेच सांगायचे असे ठरले की हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी. मथळा केवढा दिसावा हे ज्या त्या यंत्राने पाहावे.

हा विचार छापखान्याला परका नाही. लेखक हस्तलिखितात ‘उपशीर्षक’ अशी खूण करतो. ते किती पॉइंटांत घ्यायचे हे प्रेस ठरवते. बर्नर्स-ली यांच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये रूप ठरवण्यासाठी एक साधे शैलीपत्रक होतेच. पण त्याची भाषा त्यांनी प्रसिद्ध केली नाही. पान कसे दाखवायचे हा प्रत्येक ब्राउझरचा प्रश्न आहे, असे त्यांचे मत होते. पुढे १९९२मध्ये पेइ-युआन वेई यांनी ‘व्हायोला’ या ब्राउझरमध्ये शैलीपत्रकांची स्वतंत्र भाषा आणली, आणि जून १९९३मध्ये रॉबर्ट रेश यांनी आणखी एक प्रस्ताव मांडला. कल्पना हवेत होती. ती रुजण्याआधीच बाजार आला.

१९९३मध्ये ‘मोझॅइक’ हा ब्राउझर आला आणि वेब शास्त्रज्ञांच्या हातून सामान्यांच्या हाती गेले. रूपाच्या दृष्टीने मोझॅइक हे एक पाऊल मागे होते. वाचकाला काही रंग आणि अक्षरे बदलता येत, त्यापलीकडे फारसे काही नाही. आणि लेखकाला तर काहीच नाही. नव्याने पान लिहू लागलेला प्रत्येक जण पहिल्याच दिवशी विचारू लागला की अक्षर मोठे कसे करायचे, मथळा मध्यावर कसा आणायचा, रंग कसा द्यायचा. उत्तर एकच होते: ते तुमच्या हातात नाही.

प्रभावाची टक्केवारी

होकोन विउम ली हे नॉर्वेचे संशोधक. त्यांनी आधी अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये इलेक्ट्रॉनिक वृत्तपत्र प्रत्येक वाचकाच्या आवडीनुसार कसे मांडता येईल यावर काम केले होते आणि नंतर ते सर्नमध्ये आले. १० ऑक्टोबर १९९४ रोजी त्यांनी वेबसाठी शैलीपत्रकांचा प्रस्ताव प्रसिद्ध केला. तीनच दिवसांनी नेटस्केप कंपनीने आपला ब्राउझर जाहीर केला. या दोन तारखा शेजारी ठेवल्या तर पुढच्या दहा वर्षांचा संघर्ष त्यांत दिसतो.

ली यांच्या मूळ प्रस्तावातली एक गोष्ट आज विस्मरणात गेली आहे. लेखकाने एखादी शैली सुचवताना तिच्यापुढे टक्केवारी लिहायची. पहिला मथळा २४ पॉइंटांचा असावा, आग्रह शंभर टक्के. दुसरा २० पॉइंटांचा असावा, आग्रह चाळीस टक्के. उरलेले साठ टक्के पुढच्या शैलीपत्रकाकडे, आणि शेवटी वाचकाकडे जायचे. पाणी एका टप्प्यावरून दुसऱ्यावर उतरत जावे तसा हा अधिकार उतरत जातो, म्हणून नाव ‘कॅस्केडिंग’. त्याच प्रस्तावात पानाच्या वयानुसार रूप बदलण्याचीही कल्पना होती: मजकूर तीन दिवसांहून जुना असेल तर पार्श्वभूमी फिकट पिवळी व्हावी. रद्दीतल्या वर्तमानपत्राचा पिवळेपणा पडद्यावर आणण्याची ही युक्ती वृत्तपत्रांवर काम केलेल्या माणसालाच सुचू शकते.

टक्केवारी टिकली नाही. २४ पॉइंट आणि १२ पॉइंट यांची सरासरी काढून १८ पॉइंटांचा मथळा मिळेल, पण लाल आणि हिरव्याची सरासरी कोणालाच नको असलेला तपकिरी रंग देईल. मात्र टक्केवारीमागचा विचार टिकला. पानावर लेखकाचा आणि वाचकाचा दोघांचाही हक्क आहे, आणि भांडण झाले तर ते कसे सोडवायचे याचा नियम भाषेतच असला पाहिजे. त्याआधीच्या मांडणीच्या भाषांमध्ये एकच मालक गृहीत धरलेला होता. इथे प्रथमच दोन मालक मान्य झाले.

नेदरलँड्सचे बर्ट बॉस त्याच काळात ‘आर्गो’ नावाचा ब्राउझर आणि त्यासाठी शैलीपत्रके तयार करत होते. दोघांनी हातमिळवणी केली. बर्नर्स-ली यांच्या पुढाकाराने नुकत्याच स्थापन झालेल्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने हे काम आपल्याकडे घेतले आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी सीएसएसची पहिली आवृत्ती अधिकृत शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली.

तोवर दोन वर्षे गेली होती, आणि वेबवर दोन वर्षे म्हणजे एक पिढी.

तक्त्यांचे राज्य

लेखकांनी वाट पाहिली नाही. नेटस्केपने अक्षराचा आकार बदलणारी आणि मजकूर मध्यावर आणणारी खूण थेट एचटीएमएलमध्येच घातली. मायक्रोसॉफ्टने फॉन्टचे नाव लिहिण्याची सोय जोडली. मजकूर आणि रूप वेगळे ठेवण्याचा मूळ संकल्प मोडला. मग १९९५मध्ये नेटस्केपमध्ये तक्ते आले. तक्ता आकडेवारी मांडण्यासाठी होता, पण तक्त्याच्या रेषा अदृश्य केल्या की त्याचे रकाने होतात हे चटकन लोकांच्या ध्यानात आले. डाव्या घरात अनुक्रमणिका, मधल्या घरात लेख, उजव्या घरात जाहिरात. एका तक्त्यात दुसरा, त्यात तिसरा.

अमेरिकन मांडणीकार डेव्हिड सीगल यांच्या १९९६च्या पुस्तकाने या पद्धतीला शास्त्राचे रूप दिले. त्यांची सर्वांत गाजलेली युक्ती म्हणजे एका ठिपक्याएवढे पारदर्शक चित्र. ते हव्या त्या मापाला ताणून मजकुराच्या मध्ये ठेवायचे, म्हणजे तेवढी जागा कोरी राहते. खिळ्यांच्या छपाईत शब्दांमध्ये आणि ओळींमध्ये न उमटणारे धातूचे कोरे तुकडे बसवत, तोच हा प्रकार. पुढच्याच वर्षी याच सीगल यांनी, वेबची नासाडी झाली आणि ती आपण केली, अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहिला.

ही पद्धत इतक्या वेगाने पसरली याचे कारण वेबच्या शिकण्याच्या रीतीत आहे. त्या काळी शाळा नव्हती, अभ्यासक्रम नव्हता, गुरू नव्हता. ब्राउझरमध्ये पानाचा मूळ मजकूर उघडून पाहण्याची सोय होती, तीच शाळा. आवडलेले पान उघडायचे, खुणा उतरवून घ्यायच्या, आपला मजकूर त्यात भरायचा. गिरवून शिकण्याच्या या रीतीने लक्षावधी लोकांना पान लिहायला शिकवले. पण गिरवणाऱ्याला अक्षर मिळते तशी चूकही मिळते. एकाने केलेली कसरत दहा हजारांनी नियम म्हणून उचलली.

याची किंमत कोणी मोजली? दृष्टिहीन वाचकांनी. पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला तक्ता म्हणजे तक्ताच वाटे. ती एका घरातून दुसऱ्या घरात जाई आणि लेखाच्या आधी अनुक्रमणिका, जाहिरात, ठिपक्यांची चित्रे असे सगळे वाचकाच्या कानावर येई. मे १९९९मध्ये कन्सॉर्शियमने सर्वांना वापरता येतील अशा पानांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत मांडणीसाठी शैलीपत्रके वापरा असे स्पष्ट सांगितले होते. रूप वेगळे ठेवण्याचा आग्रह नुसत्या नीटनेटकेपणासाठी नव्हता हे तेव्हा उघड झाले.

कागदावर तह, पडद्यावर लढाई

मग लोकांनी सीएसएस का वापरले नाही? कारण ते चालत नव्हते. ऑगस्ट १९९६मध्ये आलेल्या इंटरनेट एक्स्प्लोररच्या तिसऱ्या आवृत्तीने त्याला अर्धवट आधार दिला. नेटस्केपला आपली जावास्क्रिप्टवर आधारलेली शैलीभाषा पुढे आणायची होती. ती मान्य झाली नाही तेव्हा चौथ्या आवृत्तीत सीएसएसचे नियम आतल्या आत त्या भाषेत बदलून घेण्याची व्यवस्था केली गेली. परिणामी वाचकाने जावास्क्रिप्ट बंद केली की शैलीही बंद पडे.

सर्वांत प्रसिद्ध भांडण चौकटीच्या मापाचे. सीएसएसनुसार मजकुराच्या प्रत्येक तुकड्याभोवती एक अदृश्य चौकट असते: आत मजकूर, भोवती मोकळी जागा, मग किनार. समजा, रुंदी २०० लिहिली, दोन्ही बाजूंना २० मोकळी जागा आणि ५ किनार. नियमानुसार २०० ही नुसत्या मजकुराची रुंदी, म्हणून पूर्ण चौकट २५०. इंटरनेट एक्स्प्लोरर मात्र २०० हीच पूर्ण चौकट धरी आणि मजकुराला १५० ठेवी. एकाच पानाची दोन ब्राउझरांत दोन मापे झाली. तडजोड म्हणून २०००च्या सुमारास ब्राउझर पानाच्या पहिल्या ओळीवरून ठरवू लागले की हे पान जुन्या वळणाचे की नव्या नियमांचे.

या भांडणाचा शेवट बोधप्रद आहे. नियम कन्सॉर्शियमचा टिकला, पण सुताराने खोकी बाहेरून मोजावी तशी चौकट बाहेरून मोजणेच सोयीचे, असे अनेक मांडणीकारांना पुढे वाटू लागले. नंतरच्या सीएसएसमध्ये कोणते माप धरायचे ते निवडण्याची सोय आली, आणि आज असंख्य शैलीपत्रकांची सुरुवातच बाहेरून मोजण्याच्या सूचनेने होते. पराभूत पक्षाचे म्हणणे अशा रीतीने मागच्या दाराने आत आले.

१९९८मध्ये जेफ्री झेल्डमन, ग्लेन डेव्हिस आणि जॉर्ज ओल्सन यांनी ‘वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट’ सुरू केला. मांडणीकारांनी ब्राउझर कंपन्यांना जाहीरपणे जाब विचारण्याची ही चळवळ होती. त्यांची मागणी साधी होती: जो नियम मान्य केला तो पाळा. २०००मध्ये मॅकिंटॉशसाठी आलेल्या इंटरनेट एक्स्प्लोररच्या पाचव्या आवृत्तीने सीएसएसची पहिली आवृत्ती जवळजवळ पूर्णपणे पाळून दाखवली. तिच्यामागे टांटेक चेलिक यांचे काम होते. हे करता येते हे सिद्ध झाले. दुर्दैवाने विंडोजवरच्या २००१च्या सहाव्या आवृत्तीनंतर मायक्रोसॉफ्टने पुढची आवृत्ती काढायला पाच वर्षे घेतली. स्पर्धक उरला नव्हता, मग घाई कसली?

एक मजकूर, अनेक रूपे

नियम पटवून देता येतात, पण पटतात ते उदाहरणाने. मे २००३मध्ये कॅनडातले मांडणीकार डेव्ह शे यांनी ‘सीएसएस झेन गार्डन’ उघडले. तिथे एकच पान होते. त्याच्या मजकुराला आणि खुणांना कोणी हात लावायचा नाही. फक्त शैलीपत्रक बदलायचे. जगभरच्या मांडणीकारांनी पाठवलेली रूपे पाहून विश्वास बसत नसे की आतला मजकूर एकच आहे. कुठे जुन्या भित्तिपत्रकाचा थाट, कुठे समुद्राचा तळ, कुठे निव्वळ पांढरा कागद आणि चार ओळी. एकच चीज वेगवेगळ्या गायकांनी मांडावी तसे ते होते. शैलीपत्रकांनी केलेली पाने रुक्षच दिसणार, हा तोवरचा समज त्या बागेने मोडला. आणि जुन्या शाळेचाच उपयोग झाला: लोकांनी शैलीपत्रक उघडले आणि गिरवले. या वेळी गिरवायला मिळाले ते चांगले होते.

या विद्येचे शिक्षक बहुतेक असेच, आपले काम उघडे ठेवणारे लोक होते. त्यांपैकी एरिक मायर यांची पुस्तके वाचून एक पिढी शिकली. जून २०१४मध्ये त्यांची मुलगी तिच्या सहाव्या वाढदिवशी कर्करोगाने गेली. तिला जांभळा रंग आवडत असे. सीएसएसमध्ये रंगांना नावे असतात. त्या यादीत एका जांभळ्या छटेला तिचे नाव देण्याचा ठराव झाला, आणि ‘रेबेकापर्पल’ आज प्रत्येक ब्राउझरला कळते. तांत्रिक नियमावलीत शोकाची नोंद व्हावी, असे क्वचित घडते.

देवनागरीचे प्रकरण

मजकूर आणि रूप वेगळे ठेवण्याचा हा सिद्धांत मराठी पानाला मात्र बराच काळ लागू होऊ शकत नव्हता, आणि याचे कारण मुळातच होते. १९९०च्या दशकात मराठी वृत्तपत्रे वेबवर आली ती आपापले फॉन्ट घेऊन. संगणकाच्या लेखी तो मजकूर म्हणजे रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची रांग. विशिष्ट फॉन्टमध्ये त्या चिन्हांच्या जागी काना, मात्रा, वेलांट्या आणि अर्धी अक्षरे बसवलेली असत, म्हणून ती मराठी दिसे. फॉन्ट काढून घेतला की खाली उरे तो निरर्थक कचरा. इंग्रजी पानात फॉन्ट हा अंगरखा होता. मराठी पानात तो कातडीच झाला होता. रूप बदलले की मजकूरच नाहीसा होई. शोधयंत्राला तो सापडत नसे, एका वृत्तपत्राचा उतारा दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये वाचता येत नसे, आणि वाचकाला प्रत्येक स्थळासाठी वेगळा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे.

फॉन्ट पानासोबतच पाठवावा असाही प्रयत्न झाला. १९९७च्या सुमारास मायक्रोसॉफ्टची एक पद्धत होती आणि नेटस्केपची दुसरी, आणि दोन्हींचे एकमेकींशी जमत नसे. मे १९९८मध्ये आलेल्या सीएसएसच्या दुसऱ्या आवृत्तीत पानासोबत फॉन्ट जोडण्याचा नियम होता, पण ब्राउझरांनी तो सारखेपणाने उचलला नाही आणि पुढच्या सुधारित आवृत्तीतून तो गळाला.

खरी सुटका युनिकोडने केली. १९९१च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे संकेत मिळाले होते, पण ते पडद्यावर नीट उमटवणारी यंत्रणा सर्वसामान्य संगणकात आली ती विंडोज २०००बरोबर. तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांचा. मराठी वाचकांनी वेबवर वर्षानुवर्षे जे अक्षर वाचले, ते एका मराठी अक्षरकर्त्याच्या हातचे होते, हे अनेकांना ठाऊक नसते. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया युनिकोडमध्येच लिहिला गेला. २००८-०९मध्ये सफारी आणि फायरफॉक्सने पानासोबत फॉन्ट पाठवण्याचा गळालेला नियम पुन्हा आत घेतला. त्यामुळे मुंबईच्या ‘एक टाइप’सारख्या समूहांनी केलेली देवनागरी अक्षरे वाचकाने काहीही न उतरवता त्याच्या पडद्यावर पोचू लागली. आता कुठे मराठी मजकूर एक राहून रूप बदलू शकत होते.

तरीही भाषेचे मूळ व्याकरण रोमन लिपीच्या सवयीचे होते. अक्षरांमधले अंतर वाढवण्याची सूचना इंग्रजी मथळ्याला शोभा देते. मराठीत तिने शिरोरेघा तुटते. ओळींमधले अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवले तर वरचा अनुस्वार आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात. सीएसएसच्या पहिल्या आवृत्तीपासून परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करण्याची सोय आहे. पण ‘स्त्री’ या शब्दाचे पहिले अक्षर कोणते? आपल्या कानाला आणि डोळ्यालाही ते एकच अक्षर आहे. युनिकोडच्या दृष्टीने ती सहा संकेतांची रांग. अक्षर कुठे तोडायचे याच्या युनिकोड नियमांत देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याची दुरुस्ती झाली ती २०२३मध्ये.

एक गोष्ट मात्र या व्यवस्थेत आपल्या उपयोगाची आहे. पान मराठीत आहे असे त्यात नमूद केले, तर ज्या फॉन्टमध्ये तशी सोय केलेली असते तो फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे आपोआप निवडतो. पुष्कळ मराठी पाने ही एका शब्दाची नोंद करत नाहीत आणि हिंदी वळणाने छापली जातात. कारागिरांनी सोय केली आहे. ती मागणारा हवा.

पडद्याचे माप

२००७मध्ये आयफोन आला आणि छापील पानाच्या सवयीने स्थिर रुंदीची पाने रचणाऱ्यांची पंचाईत झाली. ऑस्ट्रेलियातले जॉन ऑलसॉप यांनी सात वर्षे आधीच सांगितले होते की वेबपानाला कागदाचे निश्चित माप नाही हा त्याचा दोष मानू नका, तो त्याचा स्वभाव आहे. मे २०१०मध्ये ईथन मार्कॉट यांनी त्याला कृतीचे रूप दिले: रकान्यांची रुंदी प्रमाणात ठेवायची, चित्रे आकसू द्यायची आणि पडद्याच्या मापानुसार नियम बदलायचे. हा शेवटचा विचार ली यांच्या १९९४च्या प्रस्तावात बीजरूपाने होताच.

रकान्यांची गोष्टही तशीच. पान जाळीसारखे आखून त्यात मजकूर बसवण्याची योजना बर्ट बॉस आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये मांडली होती. तशी खरी सोय, ‘ग्रिड’, फायरफॉक्स, क्रोम आणि सफारीमध्ये मार्च २०१७मध्ये आली. मधल्या एकवीस वर्षांत तक्ते आले आणि गेले, मग मजकूर डावी-उजवीकडे तरंगवण्याची कसरत आली आणि तीही मागे पडली. पण या वेळी एक फरक होता. तिन्ही ब्राउझरांनी नियम एकत्र बसून पारखला, चाचण्या वाटून घेतल्या आणि जवळजवळ एकाच महिन्यात तो आणला. वीस वर्षांच्या भांडणांतून एवढे शहाणपण आले.

वाचकाचा वाटा

आता मूळ प्रश्नाकडे यावे. पानाचा धनी कोण? या प्रश्नाचे उत्तर सीएसएसच्या एका छोट्या नियमात लिहिलेले आहे. सामान्यतः लेखकाची सूचना वाचकाच्या सूचनेवर मात करते. पण कोणीही आपल्या सूचनेवर ‘महत्त्वाचे’ असा शिक्का मारू शकतो. दोघांनीही शिक्का मारला तर? १९९६च्या पहिल्या आवृत्तीत लेखक जिंके. १९९८च्या दुसऱ्या आवृत्तीत हा नियम उलटवला गेला आणि वाचक जिंकू लागला. कारण दिले गेले ते असे: ज्याला बारीक अक्षर दिसत नाही, ज्याला ठरावीक रंग वेगळे ओळखता येत नाहीत, त्याचा शब्द शेवटचा असला पाहिजे. लेखकाची शैली ही आवड असते, वाचकाची अनेकदा गरज असते.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची ओळ आहे. छापील पानाच्या परंपरेत वाचकाला असा हक्क कधी नव्हता. जाड भिंगाखाली बारीक टाइप वाचणाऱ्या आजोबांना मुद्रकाशी वाद घालण्याची सोय नव्हती.

पण कागदावरचा हक्क वापरायला दार लागते. वाचकाने स्वतःचे शैलीपत्रक लावण्याची सोय ब्राउझरांनी हळूहळू आत दडपली. क्रोमने २०१४च्या सुमारास ती काढूनच टाकली. फार थोडे लोक ती वापरतात, असे मानले गेले. नियम शाबूत राहिला, पण दार चिणले गेले. मग काही वर्षांनी तोच हक्क दुसऱ्या रूपाने परतला. वाचकाने आपल्या यंत्रावर एकदा सांगून ठेवायचे की मला काळी पार्श्वभूमी हवी, मला हलणाऱ्या चित्रांनी भोवळ येते. आणि पान लिहिणाऱ्याने ती इच्छा विचारून त्याप्रमाणे रूप द्यायचे. २०१७ ते २०१९ या काळात या सोयी ब्राउझरांत येऊ लागल्या. फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. १९९८च्या नियमात वाचक हुकूम करू शकत होता. आता तो विनंती नोंदवतो आणि ती मानायची की नाही हे लेखक ठरवतो.

म्हणून सीएसएस शिकवताना ती केवळ सजावटीची भाषा म्हणून शिकवणे अपुरे आहे. आपण लिहिलेली प्रत्येक सूचना दुसऱ्याच्या घरातल्या छापखान्यात जाते आणि तिथे त्या घरच्या माणसाचाही शब्द असतो, हे शिकणाऱ्याला आधी सांगायला हवे. अक्षराचे माप ठरवताना ते वाचकाला वाढवता येईल असे ठेवणे, पान मराठीत आहे हे नोंदवणे, शिरोरेघा तुटेल अशी सूचना न देणे, वाचकाने नोंदवलेली इच्छा विचारणे ही कामे चार ओळींची आहेत. ती न केल्याने पान बिघडलेले दिसत नाही, निदान लिहिणाऱ्याच्या पडद्यावर तरी. बिघाड कळतो तो फक्त त्या वाचकाला, ज्याच्यासाठी १९९८मध्ये तो नियम उलटवला होता.